अप्पांची नळी

आमच्या दवाखान्यात नळी निसटणं ही रोजचीच गोष्ट होती. लघवी तुंबलेल्या माणसाला आम्ही तांबड्या रबराची नळी घालत असू. ती उकळायची, तेल लावून हळूहळू आत सरकवायची आणि बाहेरचं टोक चिकटपट्टीनं मांडीला बांधून टाकायचं. आतून तिला धरून ठेवणारं काही नव्हतं, सगळी भिस्त पट्टीवर. त्यामुळं रोगी कुशीवर वळला की नळी निसटे, जोरात खोकला तरी निसटे. एकदा एका रोग्याच्या मेव्हण्यानं खाटेवर बसताना ती ओढून काढली आणि कसली तरी दोरी आहे असं समजून नीट गुंडाळून उशाशी ठेवली. रोगी झोपेत होता. जागा झाल्यावर त्यानं मेव्हण्याला काय म्हटलं ते मी ऐकलं आहे, पण लिहिणार नाही.

दवाखाना आळंदच्या बाजूला होता, सरकारी. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण औषधांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या अजून उर्दूतच होत्या. डॉक्टरसाहेब हैदराबाद शहरातले, शांत माणूस. चिडले की जास्तच हळू बोलत. आम्ही नर्सा दोघी. मोठ्या बाई बिदरकडच्या ख्रिस्ती, माझ्या आईच्या वयाच्या, अर्धं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलेलं. दुसरी मी. माझं माहेर औरादकडचं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि थोरल्या भावानं मला हैदराबादला नर्सिंगला घातलं. गावात त्याला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचं काम म्हणून लोक नावं ठेवत. खरं म्हणजे पुरुषांच्या अंगाला फारसा हात लावावाच लागत नव्हता. त्यासाठी ड्रेसर होता. पुरुषांच्या जखमा, पुरुषांचे एनिमे, पुरुषांच्या नळ्या, सगळं त्याच्याकडं. नळी घालताना मी ट्रे धरून उभी राहायची आणि भिंतीकडं बघायची. त्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, तो मला पाठ झाला होता.

अप्पा आले ते हिवाळ्याच्या सुरुवातीला, तुरी शेतात उभ्या असताना. आळंदच्या पलीकडं त्यांचं गाव. घरची शेती मोठी, शिवाय तुरीचा व्यापार. बैलगाडीतून आणलं होतं, पण ते गाडीत बसलेले नव्हते. बसता येत नव्हतं आणि झोपताही येत नव्हतं. गाडीच्या साटीला धरून ते सगळा रस्ता उभ्यानं आले होते. आदल्या दिवसापासून लघवीचा थेंब नव्हता. पोट बेंबीपर्यंत फुगून दगड झालं होतं. उंच, गोरटेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगायतांच्या रीतीप्रमाणं चांदीच्या डबीत लिंग. तशा अवस्थेतही त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि जेवण झालं का विचारलं.

ड्रेसरनं नळी घातली. बाटली भरत आली तसा अप्पांचा चेहरा सैल होत गेला. त्यांनी डॉक्टरांना आशीर्वाद दिला, ड्रेसरला दिला, भिंतीकडं बघणाऱ्या मला दिला आणि मग बाटलीकडं बघून तिलाही हात जोडले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली गाठ वाढली आहे, ऑपरेशन लागेल, ते गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात होईल. पण इतके दिवस लघवी तुंबून तुंबून मूत्रपिंडं थकली आहेत. अशा माणसाला टेबलावर घेतलं तर तो उतरणार नाही. आधी काही आठवडे नळी आत राहिली पाहिजे, म्हणजे मूत्रपिंडांना विसावा मिळेल. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, साहेब म्हणतील तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी बाहेर होती.

अप्पा उताणे पडलेले होते. नळी शेजारच्या स्टुलावर, पाण्यानं धुऊन ठेवल्यासारखी. "आपोआप निघाली बगा," अप्पा म्हणाले. ड्रेसरनं नवी घातली आणि आणखी पट्ट्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. अप्पा परत म्हणाले आपोआप निघाली. मी ट्रे घेऊन परत भिंतीकडं बघितलं.

असं रोज व्हायला लागलं. सकाळी आम्ही दोघी बाहेरच्या रोग्यांच्या गर्दीत असायचो, ड्रेसर मलमपट्ट्या करत असायचा आणि गर्दी ओसरून आम्ही वॉर्डात आलो की नळी स्टुलावर. ड्रेसरचा पट्टीवरचा विश्वास उडाला. त्यानं सुती पट्टा मांडीभोवती गुंडाळून नळी त्याला बांधली. ती गाठ त्याला स्वतःलाही सोडता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी गाठ सुटलेली होती. "गाठ कुणी सोडली?" असं त्यानं विचारलं तर अप्पांनी विचार करून उत्तर दिलं की पट्टा चांगला नव्हता.

त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणायचो. ठेंगणी, ठसठशीत कुंकू लावणारी बाई, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलायची. ती वॉर्डाच्या ओसरीतच मुक्कामाला होती. मोठ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं की यजमान नळी हातानं काढतात का. अव्वानं सांगितलं की लग्न झाल्यापासून हा माणूस एकदाही खोटं बोललेला नाही. ती हे इतक्या ठामपणे म्हणाली की मोठ्या बाईंनी माफी मागितली.

मग डॉक्टरांनी पहारेकरी नेमला. अप्पांच्या शेजारच्या खाटेवर एक जमादार होते. जुन्या राज्यात जकातीच्या नाक्यावर नोकरी केलेले, दाढी पांढरी, पायाला न भरणारी जखम. नाका उठला तशी त्यांची नोकरीही उठली होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की सकाळच्या वेळी अप्पांवर नजर ठेवा. जमादार खाटेवर ताठ बसले. कित्येक दिवसांत त्यांना कुणी काम सांगितलं नसावं. दुसऱ्या दिवशी नळी स्टुलावर होती आणि जमादारांनी डॉक्टरांना अदबीनं कळवलं की त्यांच्या नजरेला काहीही आलेलं नाही.

इथपर्यंत आम्हाला त्यात थोडी गंमत वाटत होती. मग नळीबरोबर रक्त यायला लागलं आणि अप्पांना थंडी वाजून ताप आला. रोज नळी काढून रोज घालायची म्हणजे आतला मार्ग सोलून निघतो. डॉक्टर अप्पांच्या खाटेशी बसून अगदी हळू आवाजात बोलले. म्हणाले की अशी नळी निघत राहिली तर एक दिवस ती परत आत जाणार नाही, आणि मग पोटाला भोक पाडून लघवी काढावी लागेल. अप्पांनी परत सगळं ऐकून घेतलं. साहेब म्हणतील तसं, म्हणाले. ताप उतरला, पण नळी निघायची थांबली नाही.

त्याच सुमारास गाणगापूरची दत्तजयंतीची जत्रा आली. जत्रेत पटकी पसरू नये म्हणून यात्रेकरूंना सुया टोचायला डॉक्टर गेले, आणि सुया उकळायला व रांगा लावायला ड्रेसरला बरोबर घेऊन गेले. जाताना ड्रेसरनं अप्पांची नळी स्वतः बांधली आणि अप्पांच्या पाया पडला. म्हणाला, एवढे दिवस तिला हात लावू नका.

डॉक्टर गेल्यावर दुसऱ्याच सकाळी नळी स्टुलावर होती.

मोठ्या बाई आत बाळंतिणीपाशी होत्या. मूल आडवं होतं आणि त्या जागच्या हलू शकत नव्हत्या. मी दारातून सांगितलं, नळी निघाली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हैदराबादेत शिकलीस ना?" मी हो म्हटलं. "मग घाल की."

हैदराबादेत मी शिकले होते हे खरं. पुरुषांना नळी घालायला आम्हाला शिकवलं होतं आणि मी ती घातलीही होती, पण ते रोगी बेशुद्ध होते. मी नळी उकळायला टाकली आणि वॉर्डात जाऊन अप्पांना सांगितलं की आज ड्रेसर नाही, मी घालणार.

अप्पांनी अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"न्हाई," ते म्हणाले. "ड्रेसर येऊ दे."

ड्रेसर जत्रा संपल्याशिवाय येत नाही, मी म्हटलं. ते म्हणाले की मग तोवर थांबू. मी सांगितलं की लघवी थांबणार नाही. त्यांनी चादर आणखी घट्ट धरली. मी त्यांच्या लेकीच्या वयाची होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला राग यायला हवा होता, पण सुटल्यासारखं वाटलं.

मी जमादारांची जखम धुतली. बाहेरच्या रोग्यांना डोळ्यांत औषध घातलं. दर थोड्या वेळानं येऊन अप्पांच्या पोटावर चादरीवरून हात ठेवत होते. दुपार कलेपर्यंत पोट परत घट्ट झालं होतं. अप्पा दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी कड धरून होते आणि कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. तरीही माझ्याकडं बघून मान हलवत होते, न्हाई.

अव्वा इतका वेळ पायथ्याशी बसून होती. ती उठली.

"माज्या पोटी चार लेकरं झाली," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तवा सुईणीनं माजं काय झाकून ठिवलं व्हतं? तुमी भाईर पान चगळीत बसला व्हता. आता निजा गप."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग उशाचं उपरणं उचललं आणि स्वतःच्या तोंडावर टाकलं. माझ्यापासून जे झाकायचं ते उघडं राहिलं आणि चेहरा तेवढा झाकला गेला. पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं, आणि खरं सांगायचं तर माझंही. चेहरा नसलेल्या माणसाला नळी घालणं मला येत होतं.

मी पडदा ओढला, हात धुतले, नळीला तेल लावलं. सुरुवातीला ती नीट गेली आणि मग अडली. जिथं अडली तिथं जोर करायचा नाही, हे एवढंच आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवलेलं. मी थांबले. अप्पांना म्हटलं, लांब श्वास घ्या, अंग सैल सोडा. उपरणं वरखाली झालं. अंग काही सैल झालं नाही. माझ्या हाताला नळी आतून कुणीतरी मुठीत धरल्यासारखी लागत होती.

तेवढ्यात उपरण्याखालून आवाज आला. "तुमचं गाव कंचं म्हनायचं?"

मी सांगितलं, औरादकडचं.

"औरादकडं तूर कशी हाय औंदा?"

मी म्हटलं, भावाचं पत्र होतं, फुलोरा चांगला आला पण आभाळ आल्यानं अळी पडली.

"व्हय. आमच्याकडंबी अळीच हाय," उपरणं म्हणालं. "आभाळ बेकार यंदाचं. तुमचा भाऊ काय फवारायलाय का?"

भाऊ राख उधळतो, मी सांगितलं. अप्पांनी राखेबद्दल त्यांचं मत सांगायला सुरुवात केली. राख पहाटे दव असताना उधळावी, ऊन चढल्यावर तिचा उपयोग नाही, हे ते समजावून सांगत असताना आतली मूठ सुटली आणि नळी पुढं सरकली. बाटलीत धार लागली. अप्पांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. मी नळी चिमटीत धरून मध्ये मध्ये थांबवत होते, कारण इतकं फुगलेलं पोट एकदम रिकामं करायचं नसतं. अव्वा पडद्याच्या आत येऊन बाटलीकडं बघत उभी राहिली. पदर तोंडाला लावून रडत होती, पण आवाज नव्हता.

मी नळी बांधली, पडदा सारला, नळ्या उकळायच्या खोलीत गेले आणि स्टोव्हपाशी खाली बसले. काही वेळानं मोठ्या बाई आल्या. मुलगी झाली म्हणाल्या, दोघी बऱ्या आहेत. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, गेली का? मी म्हटलं, गेली. त्यांनी माझ्यासाठीही चहा टाकला.

संध्याकाळी मी बाटली बदलायला गेले तेव्हा अप्पांच्या तोंडावर उपरणं नव्हतं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "बाई, नळी मीच काडतो."

मी स्टुलावर बसले.

दीक्षा घेतल्यापासून, म्हणजे कळायला लागल्यापासून, त्यांनी एका दिवसाचीही लिंगपूजा चुकवलेली नव्हती. सकाळी अव्वा अंग पुसून द्यायची, मग ते खाटेवर मांडी घालून बसायचे, डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे. नळी मांडीला बांधलेली, बाटली उजवीकडं खाली. मांडी घातली की नळी आतून ओढ घ्यायची आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मग ते नळी काढून ठेवायचे आणि पूजेला बसायचे. अव्वा नळी धुऊन स्टुलावर ठेवायची. गाठ तिनंच सोडली होती, दातांनी.

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर साहेबानं नगं म्हनलं असतं," अप्पा म्हणाले. "मग मला साहेबाचा शबुद मोडावा लागला असता. एवड्या भल्या मानसाचा शबुद कामून मोडायचा?"

मी शेजारच्या खाटेकडं वळून जमादारांना विचारलं, तुम्हाला तर पहाऱ्यावर बसवलं होतं. जमादारांनी दाढीवरून हात फिरवला.

"मैं देख्याच नै, बाई," ते म्हणाले. "उनों पूजा को बैठे की मैं दीवार की तरफ मूं कर लेताऊं. अपने खुदा के सामने बैठे सो आदमी को घूरना अच्छा नै."

रझाकारांच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत या दोघांच्या गावांत काय काय झालं होतं ते मी ऐकून होते. दोघंही त्याबद्दल बोलत नसत. जमादार रोज सकाळी भिंतीकडं तोंड करत होते एवढंच खरं.

डॉक्टर जत्रेहून परतले तेव्हा मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की पूजा झोपून होऊ शकेल का. मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. अव्वाला विचारलं तर तिनं गावाकडं निरोप धाडला आणि मठातले स्वामी गाडीत बसून आले. स्वामींनी अप्पांना समजावलं की आपल्यात विटाळ नाही, सुतक नाही, देव तळहातावर आहे, देह बसलेला असो की निजलेला, सारखंच. डॉक्टरांना हे फार पटलं. अप्पांनी स्वामींचे पाय धरले आणि म्हणाले, मला हे ठाऊक हाय. इटाळाचं काय न्हाई. मला निजून जमत न्हाई. आणि दुसऱ्या दिवशी नळी काढून मांडी घातली.

तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं की आपण मांडीचा नाद सोडू. नळी वर, पोटावर बांधू. मांडी कशीही घातली तरी पोट आपल्या जागी राहतं. खाली लांब रबर जोडू आणि बाटली डाव्या बाजूला ठेवू, तिथं अव्वा बसते, ती सांभाळेल. डॉक्टर म्हणाले की पुस्तकातही नळी पोटावर बांधल्याचं एक चित्र आहे. त्यांनी ते काढून दाखवलं, आणि आम्ही दोघं चित्राकडं बघत राहिलो. ड्रेसर म्हणाला, करून बघू.

सकाळी मी पट्टी लावली आणि दुपारपर्यंत ती सुटली. परत लावली, परत सुटली. या वेळी अप्पांनी हात लावला नव्हता, हे त्यांनी डबीवर हात ठेवून सांगितलं. मी सुटलेली पट्टी उलटी करून बघितली. चिकट बाजू पांढरीशुभ्र होती. अप्पा पूजेच्या वेळी कपाळावर, दंडावर, छातीवर आणि पोटावरही विभूतीचे पट्टे ओढत. त्या राखेवर जगातली कुठलीच पट्टी टिकली नसती.

मी त्यांना अडचण सांगितली. बेंबीखाली डावीकडं हाताच्या पंजाएवढी जागा मला कोरडी, राखेशिवाय पाहिजे. बाकी सगळं अंग तुमचं. अप्पांनी विचार करून सांगतो म्हटलं. स्वामींनाही विचारलं नाही. रात्र गेली, सकाळ झाली. अव्वानं अंग पुसलं, त्यांनी विभूती लावली आणि मला हाक मारून बोलावलं. पोटावरचे पट्टे ओढलेले होते, पण डावीकडं अलीकडंच थांबलेले.

"तेवडी जागा तुमची," ते म्हणाले.

मी तिथं पट्टी लावली. अप्पांनी मांडी घातली, जपून, पाण्यात पाय टाकावा तशी. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. जमादारांनी भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं तसं त्यांनीही केलं, मग ड्रेसरनं. मीही माझ्या ओळखीच्या डागाकडं बघत राहिले. पाण्याचा आवाज आला, बेलाच्या पानाचा वास आला. पूजा झाली तेव्हा नळी जागेवर होती आणि अव्वाच्या हातातल्या बाटलीत थेंब पडत होते.

त्यानंतर नळी निघाली ती मी बदलायला काढली तेव्हाच. ड्रेसरनं ते काम परत मागितलं नाही. अप्पा म्हणाले होते की बाईंचा हात बसलाय, आता बदलायला नको. नळी घालताना ते उपरणं मात्र घेत आणि खालून शेतीबद्दल बोलत. वॉर्डातल्या बाकीच्या पुरुषांनी हे पाहिलं होतं, त्यामुळं पुढं कुणी फारसं अडवलं नाही. काही जण आपापलं उपरणं आधीच काढून ठेवत.

महिनाभरात त्यांच्या अंगावरची सूज उतरली, जीभ ओली झाली, भाकरी जायला लागली. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना गुलबर्ग्याला पाठवलं. निघताना अप्पा जमादारांच्या खाटेशी थांबले. त्यांनी विचारलं की पाय बरा झाल्यावर काय करणार. जमादार म्हणाले, अल्लाची मर्जी. अप्पांनी सांगितलं की तुरीच्या गोदामावर राखणीला विश्वासाचा माणूस पाहिजे. मला वाटलं, न बघण्यात ज्याचा हातखंडा त्याला राखणीला ठेवायलेत. पण अप्पांना माणसं माझ्यापेक्षा जास्त कळत होती. जमादार त्या गोदामावर राहिले आणि तिथून कधी मूठभर तूर गेल्याचं ऐकलं नाही.

गुलबर्ग्याचं ऑपरेशन नीट झालं. हे आम्हाला एका गाडीवानाकडून कळलं, त्यानं एवढाच निरोप आणला होता की अप्पा उभ्यानं मुतायलेत.

पुढच्या वर्षी वेळ अमावस्येला अव्वाचं बोलावणं आलं. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. मोठ्या बाईंनी मला सुट्टी दिली आणि गाडी न्यायला आली. कडब्याच्या खोपीत पूजा झाली होती. अप्पांचे भाऊबंद, व्याही, शेजारपाजारचे, सगळे तुरीच्या कडेला पंगत धरून बसलेले. दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ करून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. अव्वानं मला बायकांच्या पंगतीत आपल्याजवळ बसवून घेतलं. पुरुषांच्यात वाद चालला होता. हे हैदराबादचं राज्य मोडणार, मग आपण कुठं जाणार, म्हैसूरात की मुंबईत. अक्कलकोटचे व्याही एक सांगत होते, बिदरकडचे दुसरं. आवाज चढत चालले होते.

कुणीतरी मध्येच अप्पांना विचारलं की ही बाई कोण, पाहुणी कुणाकडची. माझा घास तोंडाजवळ थांबला. अप्पा काहीही सांगू शकले असते. ओळखीची आहे, औरादकडची आहे, एवढं पुरलं असतं. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सुरुवातीपासून सांगितलं. गाडीत उभं राहून आल्यापासून. नळी, गाठ, अव्वाचे दात, उपरणं, सगळं. त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती आणि फुशारकीही नव्हती, बैलाचं दुखणं सांगावं तसं सांगत होते. मी खाली मान घालून भज्जीत कुठकुठले दाणे आहेत ते बघत होते. कुणी हसलं नाही. म्हैसूर आणि मुंबई दोन्ही बाजूला राहिली.

जेवणं झाल्यावर मी चिंचेखाली हात धुवायला गेले. मागं कुणीतरी खाकरलं. अप्पांचे थोरले भाऊ होते. इकडंतिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं की रात्री सारखं उठावं लागतं आणि गेलं तर थेंब थेंब, ह्याला काय म्हणायचं. मी त्यांना खाली बसायला सांगितलं आणि विचारायचं ते विचारलं. ते उठले तर अक्कलकोटचे व्याही थोड्या अंतरावर उभे होते. त्यांच्यामागं बिदरकडचे. मघाशी एकमेकांवर ओरडणारे दोघं आता एकमेकांना म्हणत होते, तुमी व्हा आदी.

मी चिंचेच्या मुळीवर बसले. एकेक म्हातारा येऊन समोर उकिडवा बसायचा, काडीनं मातीत रेघा मारत सांगायचा. मी प्रत्येकाला सांगितलं की तुंबेपर्यंत थांबू नका, दवाखान्यात या, डॉक्टर चांगले आहेत. बरेच जण पुढं खरोखर आले. ऊन उतरलं, पोरांनी खोपीभोवती धावणं थांबवलं. अव्वा दोनदा येऊन बघून गेली. शेवटचा म्हातारा उठला तेव्हा तिनं गाडी जुंपायला सांगितली आणि माझ्याजवळ आंबिलीचा गडवा आणून दिला. इथंच बसून प्या, म्हणाली, गाडीत हिंदकळतं. मी प्याले. ती माझ्याशेजारी बसली आणि गडवा रिकामा होईपर्यंत, अळी यंदा कशी कमी आहे ते सांगत राहिली.